भुरी आखाजीला निघाली

चिंचेखालच्या त्या तुकड्यावर अजूनही गवत उगवत नाही. परसात सगळीकडे हरळी माजली आहे, विहिरीच्या काठापर्यंत टाकळा चढला आहे, पण बुंध्याजवळची खाटेएवढी काळी जमीन तशीच उघडी. रस्ता रुंद होणार म्हणून चिंच तोडणार आहेत, असा निरोप आला होता. म्हणून मी आले होते. वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि नाकाशी नेली. तेलाचा वास कधीच धुऊन गेला असणार. पण नाकाला जे हवं असतं ते ते शोधून काढतं. मला आधी रॉकेलचा वास आला, मग जळक्या तेलाचा, आणि त्या दोन्हींच्या खालून, अगदी तळातून, सुक्या लाल मिरचीचा.

भुरी इथे उभी असायची.

भुरी म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, गोल नाकाची जुनी विलायती पिकअप. लग्नाच्याही आधी त्यांनी ती कुठल्याशा लष्करी लिलावातून आणली होती. तिचा मूळचा रंग गावात कुणीच पाहिला नव्हता. आमच्या वाट्याला आला तो धुळीचा रंग, म्हणून गाईला ठेवावं तसं गावानं तिचं नाव ठेवलं भुरी. पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. आबा तिच्यातून शेंगा न्यायचे, कांदा न्यायचे, आणि मिरचीच्या दिवसांत पोत्यांवर पोती रचून दोंडाईच्याच्या बाजारात जायचे. ती मिरची मागच्या हौद्याच्या फळ्यांत मुरली होती. अक्का, माझी मोठी बहीण, आणि मी मागे बसलो की गावाबाहेरच्या पहिल्या वळणापर्यंत नुसत्या शिंकत असायचो. तिथून पुढे वारा लागायचा, पळसाची झाडं मागे पळायची, आणि अक्का माझे दोन्ही हात धरून मला उभी करायची.

वर्षातून एकदा भुरी रिकामी जायची आणि भरून यायची. ते आखाजीला. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिची वाट जास्त पाहतात, कारण आखाजी सासुरवाशिणींची. माहेरचा माणूस, मुराळी, घ्यायला जातो आणि लेकी घरी येतात. मग झाडाझाडाला झोके, घराघरांत गौराई, नव्या घागरीवर ठेवलेलं खरबूज, परातभर सांजोऱ्या, आणि दुपारी आमरसानं चिकट झालेले हात. आबा आमच्या आत्याला आणायला जायचे. आत्या सांगायची, "दोन शेतं पलीकडून भुरीचा आवाज आला की मी भाकरीचा तवा उतरवून ठेवायचे."

मग आबा गेले. मी बारा वर्षांची होते. त्याबद्दल मी इथे काही सांगणार नाही. त्यांनी शेवटची जिथे लावली तिथेच, चिंचेखाली, भुरी आठ वर्षं उभी राहिली. टायर बसले. कोंबड्यांनी सीटच्या कापसात अंडी घातली. वालाचा वेल समोरच्या जाळीतून आत शिरून खिडकीतून बाहेर आला आणि दोन पावसाळे आम्ही त्याच्या शेंगा खाल्ल्या. उंदरांनी वायरी कुरतडल्या. दिव्यांत गांधीलमाश्यांनी पोळी केली. भंगारवाले येत, टकटक वाजवून बघत, आणि माय त्यांना पाणी पाजून वाटेला लावत असे. ती गाडी का ठेवते, ते तिनं कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

अक्काचं लग्न दोंडाईच्याच्या पुढे, एसटी न जाणाऱ्या एका गावात झालं. आम्हाला भाऊ नव्हता. पहिल्या आखाजीला एका चुलत्यांनी जायचं कबूल केलं आणि ऐन वेळी त्यांना काम निघालं. दुसऱ्या आखाजीला माय आणि मीच तीन एसट्या बदलून, पुढचे दोन कोस चालून गेलो. अक्काच्या सासऱ्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, बाया काही मुराळी होत नाहीत. आम्ही चहा पिऊन परत फिरलो. अक्का दाराच्या आत उभी होती. तिच्या हातात बांधलेलं गाठोडं होतं आणि ते तिनं खाली ठेवलं नव्हतं. मी वळून पाहिलं तेव्हा तेवढंच दिसलं.

तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास तिचं पत्र आलं. अक्काची पत्रं म्हणजे आंतरदेशीय पत्राचा इंचन् इंच भरलेला. समास संपले की ती घडीच्या पट्टीवरही लिहायची. या पत्रात चार ओळी होत्या. पाचवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. मी बरी आहे. काळजी करू नये.

मी वाचून दाखवलं. माय तांदूळ निवडत होती.

"मागली बाजू वाच," ती म्हणाली.

"मागे काही नाही, माय."

तिनं माझ्या हातून पत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तरी ती मागची कोरी बाजू बराच वेळ बघत राहिली.

त्याच आठवड्यात तिकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर सासऱ्यांचा निरोप आला. अशा अवस्थेत सून एसटीचे धक्के खात जाणार नाही. भाड्याची जीप आणू म्हणाल, तर तेही चालणार नाही. त्या माणसानं शब्द जसेच्या तसे सांगितले: "भाड्यानी गाडीमा आमनी सून जात नही. घरनी गाडी आना, मंग खुशाल लई जा."

आमच्याकडे घरची गाडी होती, आणि ती कशी होती, हे त्यांना माहीत होतं. लग्नाच्या बोलणीला आले तेव्हा ते चिंचेखालीच बसले होते.

माणूस गेला. माय उठली, परसात गेली, आणि मी मागोमाग गेले तेव्हा ती विळ्यानं भुरीवरचा वाळका वेल कापत होती.

"माय, ती चालत नाही."

"चालत नही ते चालू करसूत," ती म्हणाली. मान वर केली नाही. "आखाजीले दोन महिना शेत." मीही बोटांवर दोन महिने मोजले.

*

साक्रीत दगाभाऊ राहायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री. एकेकाळी आबांची आणि त्यांची एका ताटात जेवण्याइतकी मैत्री होती, आणि मग काय झालं कोण जाणे, एकाच रस्त्यानं समोरासमोर आले तरी दोघं एकमेकांकडे बघत नसत. आबांच्या दहाव्यालाही ते आले नव्हते. बाजाराच्या दिवशी माय त्यांच्या दारात गेली आणि गाडीचं सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळच्या बसमधून उतरले. हातात पान्यांची कॅनव्हासची पिशवी, डोक्याला पांढरी टोपी, उजवं मनगट वाकडं.

त्यांनी भुरीभोवती एक फेरी मारली. बॉनेट उचललं. आत एक कोंबडी बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे.

"हाई गाडी नही," ते मायला म्हणाले. "हाई भंगार शे."

"भंगारवाला माले माहीत शे, दगाभाऊ. तुमले गाडीसाठे बलावं."

त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली. त्या मनगटानं त्यांना जोर लावता येत नसे, म्हणून त्यांनी मला जवळ बोलावलं. धुळ्याच्या कॉलेजात एक वर्ष काढून मी घरी बसले होते. वीस वर्षांची, आणि स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट होतो हेही माहीत नसलेली. "हात तुना, डोकं मन्हं," ते म्हणाले. "जे सांगसू तेच करानं. आपली अक्कल मझार आननी नही."

त्या दोन महिन्यांचे मला दिवस आठवत नाहीत, वास आठवतात. इंजिन गंजून जाम झालं होतं. प्लग काढून त्या भोकांतून आम्ही रॉकेल आणि तेल ओतलं आणि मुरू दिलं. रोज सकाळी पाणी भरून झालं की मी इंजिन फिरवायचं पुढचं हँडल लावायचे आणि सगळा भार टाकायचे. भिंतीला ढकलावं तसं. संध्याकाळी पुन्हा. दगाभाऊ आठवड्यातून तीन दिवस यायचे. बाकीचे दिवस माय आणि मी. गावातले लोक येता-जाता थांबायचे. कुणी म्हणायचं, पोरीचं लग्न करायचं सोडून तिला मिस्त्री करते आहे. माय त्यांना बसायला सांगायची आणि पुन्हा पेट्रोलची टाकी खळखळवायला लागायची. टाकी गंजानं भरली होती. तिच्यात नदीतले बारीक गोटे आणि रॉकेल घालून ती अंगणात बसून ताक घुसळल्यासारखी हलवायची, ओतायची, पुन्हा भरायची. लाल पाणी निघायचं. डोंगराकडून मोहाच्या फुलांचा गोड, जड वास यायचा आणि रॉकेलच्या वासात मिसळायचा. अजूनही कुठे स्टोव्ह पेटला की माझ्या जिभेवर मोहाची चव येते.

नवव्या दिवशी हँडल बोटभर हललं.

मी ओरडले नाही. मला वाटलं, भास झाला. पुन्हा भार टाकला, आणि आतून, खोलवरून, कुणीतरी कूस बदलावी तसा एक आवाज आला. माय टाकी बाजूला ठेवून आली. तिनंही हँडलवर हात ठेवला. आम्ही दोघींनी मिळून ते आणखी बोटभर हलवलं आणि तसंच सोडून आत भाकरी करायला गेलो. त्या संध्याकाळी माय चुलीपुढे बसून काहीतरी गुणगुणत होती.

मग कार्बोरेटर अडला. त्याचं अंगच फुटलं होतं, आणि तसला नवा कुठे मिळत नव्हता. मी धुळ्याची दुकानं हिंडले. दगाभाऊंनी डोकं खाजवून सांगितलं, की जळगावकडे, सावद्याच्या बाजूला, एका केळीवाल्याकडे असलीच गाडी त्यांनी फार वर्षांपूर्वी पाहिली होती. नाव आठवत नव्हतं. विहिरीजवळ पिंपळ होता, एवढं आठवत होतं.

तेवढ्या खुणेवर माय आणि मी निघालो. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, मग सावदा. आमच्याकडे चैत्रात डोंगर राखेच्या रंगाचे होतात. तिथे मात्र केळीच्या बागांत अंधार होता, ओलावा होता, पायाखाली चिखल होता. मायनं एका पानाला हात लावून बघितलं, पाहुण्याच्या घरचं लुगडं बघावं तसं. दिवसभर विचारत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी पिंपळ सापडला. त्याच्याजवळ, पंपाच्या खोलीला टेकून, भुरीची बहीण उभी होती. गंजलेली, पण तेच गोल नाक.

मालक वामननाना सत्तरीचे होते. त्यांनी आमचं ऐकायच्या आधीच सांगून टाकलं, "माह्या बापाची गाडी हाये. इकनार नाही."

"विकत नको," माय म्हणाली. तिथल्या लोकांशी ती जपून, शाळेतल्यासारखं बोलत होती. "एक वस्तू हवी. लेकीला आणायचंय."

त्यांनी विचारलं, कुठून, आणि मायनं सगळं सांगितलं, ओट्यावरचा चहासुद्धा. मी तिला परक्या माणसापुढे एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वामननाना ऐकत ऐकत पंपाच्या खोलीत गेले आणि पाना घेऊन आले. कार्बोरेटर त्यांनी स्वतः उतरवला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि केळीच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"चालू झाली की एक कार्ड टाका," ते म्हणाले. "बापाच्या फोटोला वाचून दाखवीन."

*

चैत्र निम्मा सरला होता. दगाभाऊंनी वायरी नव्या घातल्या, पॉइंट घासले, कुठून तरी चार बरे टायर पैदा केले. रेडिएटर गळत होता; तो गावच्या तांबटानं सांधला. मग एका दुपारी त्यांनी मला हँडलपुढे उभं केलं आणि आपलं वाकडं मनगट माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

"अंगठा बोटंस्नी बाजूले ठेव. मूठ वळानी नही. ते उलटं फिरनं ते हात असा व्हस."

तीसेक वेळा फिरवलं. पाठीतून घामाच्या धारा. एकदा ते खरंच उलटं फिरलं आणि मी मातीत बसले. हात शाबूत होता. माय ओट्यावर कुरडया उलटत होती, तिनं फक्त विचारलं, "लागनं का?" मी नाही म्हटलं. "मंग ऊठ."

पुढच्या फेऱ्याला भुरी खोकली. मग एकदम सगळंच हललं. धुराचा लोट, कोंबड्यांचा कल्लोळ, दिव्यांतून उडालेल्या गांधीलमाश्या. आणि हौद्याच्या फळ्या थरथरल्या तसा आठ वर्षं त्यांच्यात दडलेला मिरचीचा खकाणा उठला. मी शिंकायला लागले. दगाभाऊ शिंकायला लागले. ओट्यावर माय पदर तोंडाशी धरून शिंकत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते कशाचं हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

दगाभाऊंनी बॉनेटवर तळहात टेकवला. दोन महिन्यांत त्यांनी आबांचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "आवाज तोच शे."

चालवायला मी पांझरेच्या कोरड्या पात्रात शिकले. धुळ्याला जाऊन शिकाऊ परवाना आणला. पण खरं शिकवलं मायनं, जिनं आयुष्यात स्टेअरिंगला हात लावला नव्हता. ती वीस वर्षं आबांच्या शेजारी बसली होती. गिअर कुठे असतो हे तिला माहीत नव्हतं. तो कधी बदलायचा, हे मात्र कानाला ठाऊक होतं. चढ आला, इंजिन कण्हायला लागलं, मी गोंधळले, की शेजारून तिचा शांत आवाज यायचा, "आते दुसरा टाक." आणि उतारावर, "आते ऱ्हाऊ दे. तिले चालू दे." ती तेव्हा समोर बघत नसे. डोळे मिटून बसलेली असे.

*

आखाजीच्या तीन दिवस आधी, उजाडता उजाडता आम्ही निघालो. मी चालवायला, मध्ये माय, खिडकीशी दगाभाऊ. मायनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. साक्री मागे पडली, निजामपूर मागे पडलं. ऊन चढलं तसा केबिनचा पत्रा तापला आणि पायाखालून भट्टीसारखी वाफ येऊ लागली. बुराईच्या पात्रात वाळू होती. निम्म्यात आलो आणि मागची चाकं रुतली. मी जेवढा जोर दिला तेवढी खाली गेली.

दगाभाऊ उतरले, बघितलं, आणि सावली शोधायला लागले. "बैल आनना पडतीन," ते म्हणाले.

"बैल लावीसन जावानं नही," माय म्हणाली. "गाडी घरनी म्हणजे आपली आपलीच जाई."

अक्कासाठी हौद्यात घातलेल्या गोधड्या तिनं काढल्या. हातांनी वाळू उपसून एकेक चाकाखाली सरकवली. मायच्या स्वतःच्या लग्नातल्या गोधड्या होत्या त्या. मी हळूहळू क्लच सोडला, आणि भुरी त्या गोधड्यांवर पाय देऊन, म्हाताऱ्या बाईनं उंबरा चढावा तशी, वर आली. मायनं गोधड्या झटकल्या, घडी घातल्या आणि परत जागी ठेवल्या.

दुपारी आम्ही अक्काच्या गावात शिरलो. रस्त्यात पोरं धावत होती. घराच्या समोर मी ब्रेक लावला, आणि इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली तीत फक्त रेडिएटरमधलं पाणी उकळल्याचं ऐकू येत होतं. सासरे ओट्यावर आले. मागे दाजी, अक्काचे यजमान, मान खाली घालून. सासऱ्यांनी भुरीकडे पाहिलं, मग दगाभाऊंकडे पाहून हात जोडले.

"या. मुराळी तुमी का?"

"मी मिस्त्री," दगाभाऊ म्हणाले, आणि मायकडे बोट दाखवलं. "मुराळी ती शे."

"आनि गाडी कोन चलावस?"

"मी," मी म्हणाले. मी गाडीच्या दाराला धरून उभी होते.

ते ओट्यावरून उतरले. भुरीभोवती फिरले. समोरच्या जाळीत वालाचा एक वाळका तंतू राहिला होता तो त्यांनी ओढून काढला आणि बोटांत फिरवत उभे राहिले. माय खाली उतरली नव्हती. केबिनमधूनच म्हणाली, "व्याही, तुमनाच शब्द शे. घरनी गाडी आनी."

तेवढ्यात आतून अक्का आली. पोट पुढे, गाल बसलेले, हातात तेच गाठोडं; की दुसरं होतं, मला कळलं नाही. ती कुणाकडेही न बघता सरळ गाडीकडे चालत आली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. ती चालत असताना तिला कुणी नकोही म्हटलं नाही. दाजी आत धावले आणि तिची पेटी खांद्यावर घेऊन आले. मग सासरे जरा घसा खाकरून म्हणाले, "चहा तरी घ्या."

"बाळंतपन व्हई गयं की या. आमनाकडे चहा घ्यायले," माय म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला तो आवाज अजून तसाच आठवतो.

परतताना दगाभाऊ हौद्यात गोधड्यांवर झोपले. अक्का आमच्या दोघींच्या मध्ये. दोंडाईचा ओलांडेपर्यंत ती गाठोडं मांडीवर धरून बसली होती. मग तिला मिरचीची शिंक आली. एक, दोन, तीन. ती हसायला लागली, आणि हसता हसता मायच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी खड्डे चुकवत इतकी हळू चालवत होते, की एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली.

त्या रात्रीच मी वामननानांना कार्ड लिहिलं.

श्रावणात अक्काला मुलगी झाली. दाजी एकटेच आले, दोन दिवस राहिले, पोरीला मांडीवर घेऊन बसले. दसऱ्यानंतर त्यांनी दोंडाईच्यात दोन खोल्या घेतल्या आणि अक्काला तिथे नेलं. त्यासाठी घरी काय बोलणं झालं, ते तिनं सांगितलं नाही. तिची पत्रं पुन्हा समासांसकट भरून यायला लागली.

*

आम्हाला वाटलं होतं, भुरीचं काम झालं. पण पुढच्या वर्षी होळी पेटायच्या आधीच गावातली एक म्हातारी ओट्यावर येऊन बसली. तिला मुलगा नव्हता; लेक शिंदखेड्याकडे दिलेली. "तुनी गाडी तिकडथीन जाई का?" तिनं मायला विचारलं. मग दुसरी आली, जिचा नवरा अंथरुणावर होता. तिसरीचा मुलगा सुरतेला. त्या आखाजीला आम्ही सहा लेकी आणल्या. तेव्हा माझ्याकडे पक्का परवाना होता. वाटेत एकीच्या दारात दुसरी चढायची, ओळख नसली तरी गळ्यात पडायची, आणि साक्रीपर्यंत येता येता हौद्यात गाणी सुरू व्हायची. मी पुढे बसून ऐकायचे. आखाजीच्या त्या गाण्यांत सासरला शिव्या असतात, भावाचं कौतुक असतं. त्यांच्यापैकी निम्म्यांना भाऊ नव्हते, तरी त्या म्हणायच्या.

सात आखाज्या भुरी चालली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिचं इंजिन कायमचं बसलं. मग एसट्या वाढल्या, मोटारसायकली आल्या. आता दगाभाऊ नाहीत, मायही नाही. चिंचही जाईल. जावो. झाडापाशी उभी असताना मला त्यांतलं काही आठवत नव्हतं. आठवत होती ती भुरीच्या तिसऱ्या आखाजीतली एक दुपार, आणि सुमन.

सुमन आमच्याच गावची. आई-बाप लहानपणीच गेलेले. चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. नऊ वर्षं तिला न्यायला कुणी गेलं नव्हतं. आमच्याकडे तिचं नाव घेऊनही कुणी आलं नव्हतं, कारण येणारं कुणी उरलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर, मागे आठ लेकी गात असताना, माय अचानक म्हणाली, "आठे डावीकडे लेय." मी वळवली. आडरस्ता, बाभळी, शेवटी एक एकटं घर. अंगणात एक बाई शेणानं सारवत होती. गाडी थांबली तशी मागची गाणीही थांबली.

सुमननं मान वर केली. आम्हाला ओळखायला तिला वेळ लागला. मग हौद्यातल्या बायका दिसल्या, आखाजी लक्षात आली, आणि ती कसनुशी हसली.

"माले लेवाले कोनी येत नही, काकू," ती म्हणाली. "तुमी घर चुकनात."

माय खाली उतरली. सारवलेल्या ओल्या जमिनीच्या कडेनं चालत तिच्यासमोर गेली.

"चुकनूत नही," ती म्हणाली. "तुलेच लेवाले उनूत."

सुमन तशीच उकिडवी बसून राहिली. शेणात बुडालेले हात तिनं गुडघ्यांवर, अधांतरी धरले होते. मग ती उठली, उरलेला हातभर कोपरा वाकून नीट सारवून पुरा केला, आणि पाण्याच्या रांजणाकडे वळता वळता मायकडे पाहून म्हणाली,

"हात धुई येस."